साक्षरतेच्या नकाशाबद्दल सरांच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

आमच्या छपाईच्या दुकानाला दोनच तारे का दिले ते तुम्ही मोकळेपणी लिहिलंत, हे बरं केलंत. गोव्याचा तालुकावार साक्षरतेचा नकाशा आठ दिवस उशिरा मिळाला, सांगितलेले रंग दिले नाहीत, वर 'नको ते गोळे' काढले, धारबांदोडा तालुका गाळला, आणि प्रदर्शनात लोक गडद तालुक्यांनाच मागासलेले समजले.

उशीर झाला तो आमच्यामुळेच. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर डिचोलीत माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचा) बाजार आणि आमच्या दुकानात बॅनरवाले, दोन्हीकडे पाय ठेवायला जागा नसते. तारीख देताना मी ते धरायला हवं होतं.

रंगांबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्हाला साक्षरांच्या संख्येप्रमाणे रंग हवा होता. पहिलं प्रूफ तसंच केलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर अजून असेल, बघा. बार्देस आणि सासष्टी रंगाने भरून गेले, कारण तिथे माणसंच जास्त. तो शिक्षणाचा नकाशा राहिलाच नाही, लोकवस्तीचा झाला. म्हणून रंग टक्केवारीला दिला: 7 वर्षं व त्यावरच्या दर शंभर माणसांत साक्षर किती. अख्ख्या गोव्याचा हा आकडा 2011च्या जनगणनेत 88.70 आहे. शून्य ते शंभरचे सारखे पाच गट पाडले असते तर जवळजवळ सगळा गोवा एकाच रंगात गेला असता, म्हणून गटही तालुक्यांच्या आकड्यांत जिथे खंड पडतो तिथे पाडले.

मग संख्या दाखवायची कुठे? गोळ्यांत. सांगे केवढा पसरलेला तालुका, पण त्यात नेत्रावळीचं रान किती! नुसता रंग बघणाऱ्याला वाटतं, एवढा मोठा पट्टा म्हणजे माणसंही तेवढीच. गोळा दिसला की खरं काय ते कळतं. संख्या चौपट तर गोळा दुप्पटच रुंद का, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. बघणारा गोळ्याची रुंदी मोजत नाही, त्याला दिसते ती गोळ्याने व्यापलेली जागा. रुंदी चौपट केली तर जागा सोळापट होते, आणि शेजारचे तालुके गोळ्याखाली गडप.

लाल-हिरवा टाळला कारण हे दोन रंग काही जणांना वेगळे ओळखताच येत नाहीत. शिवाय तुम्ही मुलांना त्याच्या झेरॉक्स वाटणार होतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे येऊ शकतात. एकाच निळ्याच्या फिकट-गडद छटा तिथेही टिकतात.

धारबांदोडा गाळलेला नाही. 2011च्या जनगणनेत तालुके 11 होते, त्यांत धारबांदोडा नव्हता, म्हणून त्याचा वेगळा आकडाच नाही. 2021ची जनगणना लांबल्यामुळे नवे आकडेही नव्हते. अंदाजाने रंग भरणं मला पटलं नाही. फोंडा तालुका उत्तर गोव्यात का दाखवला, तर आकडे 2011चे आणि 2015पर्यंत तो उत्तर गोव्यातच होता. पण ही टीप नकाशाखाली द्यायला हवी होती, ती राहिली.

आता गडद रंगाचं. इथे मी पुरता चुकलो. सूची, म्हणजे कुठला रंग काय दाखवतो ते सांगणारी चौकट, मी संगणकावर मोठी करून बघितली आणि पास केली. सहा फुटी फ्लेक्सवर तिची अक्षरं वर्तमानपत्रातल्याएवढीच उतरली. चार पावलांवरून कोण वाचणार? सूची वाचता आली नाही की गडद म्हणजे वाईट असा अर्थ लोक लावणारच. गंमत म्हणजे 1826 साली फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ यांनी अशा छटांचा पहिला मानला जाणारा नकाशा केला, तोही शिक्षणाचाच होता, आणि त्यात गडद म्हणजे अज्ञानच होतं. तेव्हा तुमच्या पाहुण्यांवर हसायचं कारण नाही.

नवा फ्लेक्स आमच्या खर्चाने छापतो. सूची हातभर उंच, 'गडद म्हणजे साक्षरता जास्त' हे शब्दांत, धारबांदोड्याची आणि फोंड्याची टीप खाली. गोळे राहतील. या वेळी प्रूफ मोबाईलवर पाठवणार नाही. सूचीचा तुकडा खऱ्या मापात छापून भिंतीला लावतो, तुम्ही दुकानात येऊन दारातून वाचून बघा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मशीन सुरू करणार नाही.

तारे बदला असं म्हणणार नाही. उशीर झाला तो झालाच.

तुमचा,
दुकानाचा मालक