काका, इनकमिंगलाही पैसे पडायचे हे मी विसरलोच

नमस्कार काका,

(‘वय बहात्तर, काका म्हटलंत तरी चालेल’ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून.)

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि ते असं लांबलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी मिस्ड कॉलचं कौतुक केलं होतं. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन रिंगा म्हणजे ‘खाली ये’, आणि आपल्या लोकांनी कंपनीला छदाम न देता स्वतःपुरती एक भाषा बनवली, असा एकूण सूर. काकांचं म्हणणं, ती भाषाबिषा काही नव्हती, निव्वळ चिंधीगिरी होती. मोबाइल खिशात आला आणि माणसाची रीतभात गेली. पूर्वी गाडीत लोक एकमेकांशी बोलायचे, आता प्रत्येकाच्या हातात वेगळा तमाशा. त्यांची मुलगी न्यू जर्सीहून फोन करण्याआधी ‘कॉल करू का?’ असा मेसेज टाकते, बापाला फोन करायला परवानगी कशाला? आणि माझ्यासारखे ‘सॉफ्टवेअरवाले’ या सगळ्यावर गोड गोड लेख लिहितात. शेवटी एक थेट प्रश्न: ‘तुमच्या घरी जेवताना तुमचा फोन कुठे असतो?’

आधी माझी चूक. मी लिहिलं होतं की मोबाइल आला तेव्हापासून आपण मिस्ड कॉल देतोय, कारण पैसे फोन करणाऱ्याला पडायचे. तुम्ही बरोबर पकडलंत. ३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, आणि त्यानंतर बरीच वर्षं फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत होते. सुरुवातीला मिनिटाचा दर १६ रुपयांपर्यंत. इनकमिंग फुकट झालं ते १ मे २००३ला. (महाराष्ट्र दिनाला. त्या दिवशी सुट्टी होती आणि आम्ही सगळ्यांनी सगळ्यांना फोन करून ‘फुकट आहे, बोल’ एवढंच सांगितलं होतं. सांगणाऱ्याचे पैसे जात होते, हे संध्याकाळी लक्षात आलं.)

पण काका, ही दुरुस्ती मान्य केली की तुमची चिंधीगिरी जरा अवघड होते. २००३च्या आधी मी तुम्हाला मिस्ड कॉल देऊन ठेवला तर माझे वाचलेच, पण तुमचेही वाचले. तुम्ही घरी जाऊन लँडलाइनवरून सावकाश फोन लावणार. उलट उगीच कुणाच्या मोबाइलवर फोन करून गप्पा मारत बसणारा माणूस आगाऊ समजला जायचा, कारण तो समोरच्याच्या पैशाने बोलत होता. इनकमिंग फुकट झाल्यावर मिस्ड कॉल एकतर्फी झाला आणि मग त्यात मान आला. हॉस्टेलवरचा मुलगा बापाला मिस्ड कॉल देतो, बाप मुलाला देत नाही. साहेबाला द्यायचा नसतो. नुकतं लग्न ठरलंय त्या मुलीला तर चुकूनही नाही, नाहीतर ‘स्थळ कंजूष दिसतंय’ म्हणून आत्याच्या कानावर जायचं. कमावत्याने उलटा फोन लावायचा. हॉटेलात बिल आलं की थोरला भाऊ खिशात हात घालतो, तीच रीत. ती कुणा कंपनीने शिकवली नव्हती.

माझा मुद्दा खरं तर एवढाच आहे, आणि मागच्या लेखात तो कौतुकाच्या भरात बुडाला. आपण ज्याला फोनचे शिष्टाचार म्हणतो त्यातला मोठा हिस्सा दरपत्रकातून आला होता. दर पडले, शिष्टाचारही पडले. तुम्हाला संस्कार गेल्यासारखं वाटतं. मला तिथे बऱ्याच वेळा मीटर बंद पडलेला दिसतो.

मीटर म्हणजे अक्षरशः मीटर. १९९४ साली मी पुण्यात शिकायला होतो. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये (परगावी फोन लावायचं दुकान) रात्री अकराला रांग लागायची, कारण अकरानंतर पाव दर. पावणेअकराला आलेली माणसं आत जायची नाहीत, बाहेर उभी राहून घड्याळ बघायची. आत काचेची पेटी, दार पूर्ण लागत नाही, वर लाल आकडे. बोलणाऱ्याची नजर सबंध वेळ त्या आकड्यांवर. ‘आई, बरं आहे, थंडी आहे, हो स्वेटर घालतो, ठेवतो.’ त्या ‘ठेवतो’मध्ये किती संस्कार होते? आकडा नऊवरून दहावर जायच्या आत रिसीव्हर ठेवायचा होता, बस. बाहेरचे काचेवर नाणं वाजवायचे. आणि आतल्याचं सगळं बोलणं रांगेतल्या दहा जणांना ऐकू यायचं. कुणाला नोकरी लागली, कुणाचे वडील दवाखान्यात आहेत, कुणाचं प्रेमप्रकरण मोडलं. एक मुलगा रडत बाहेर आला तेव्हा मालकाने यंत्रातून खडखडत बाहेर आलेली बिलाची चिठ्ठी फाडली, आकडा बघितला आणि ‘उद्या द्या’ म्हणाला. खाजगी बोलणं चारचौघांत करायची सवय आपल्याला मोबाइलने लावली असं मला म्हणूनच म्हणवत नाही.

मोठ्याने बोलण्याचंही तेच. तुमच्या पिढीला ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून घ्यायचा परगावचा फोन, आठवत असेल. बेळगावला आवाज पोचावा म्हणून सांगलीतून ओरडायचं. माझे वडील आजही अमेरिका म्हटलं की आवाज दोन पट्ट्या चढवतात. अंतराप्रमाणे आवाज, असा त्यांचा हिशेब.

आणि पी. पी. नंबर, म्हणजे निरोपापुरता दिलेला शेजाऱ्याचा नंबर? आमच्या वाड्यात एकच फोन, समोरच्या काकूंकडे. त्यांचा नंबर आमच्या पत्रांवर ‘पी. पी.’ लिहून. फोनवर क्रोशाचं झाकण, डायलला छोटं कुलूप. आमचा फोन आला की काकू गॅलरीतून हाक मारायच्या. आई पदर सारखा करून जायची आणि उभ्याने बोलायची. त्यांच्या दिवाणखान्यात फोनसाठी गेलेल्याने बसायचं नाही, हा अलिखित नियम. दुपारी एक ते चार नातेवाइकांनी फोन करायचा नाही, काकूंची झोप. दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट त्यांच्याकडे. सुंदर रीत होती, मला ती अजूनही आवडते. पण १९९७ साली आमच्याकडे स्वतःचा फोन आला आणि ते पहिलं ताट दुसऱ्या वर्षी तिसरं झालं. कुणी ठरवून केलं नाही. त्यात मोबाइलचा हात नव्हता, तो आमच्या घरी यायला अजून पाच वर्षं होती.

आता गाडीचा मुद्दा. इथे मी तुमच्याच बाजूने आहे, फक्त कारण वेगळं देईन. ‘पूर्वी शांतता होती’ असं तुम्ही म्हणत नाही, हे बरं. विरार गाडीतली भजनी मंडळं मी ऐकली आहेत. सकाळी पावणेआठला टाळ आणि ढोलकी, शेजारी पत्त्यांचा डाव, मांडीवर ब्रीफकेस. त्या आवाजापुढे हल्लीचा रील काहीच नाही. तरी रीलचा त्रास जास्त होतो, हे खरं. मला वाटतं, भजन म्हणणारा तुमच्याकडे बघत असतो. तुम्ही मान डोलावलीत तर टाळ तुमच्या हातात देईल. नाही आवडलं तर ‘अहो, जरा हळू’ म्हणता येतं, भांडता येतं. रीलवाला तिथे नसतोच. पंधरा सेकंदांचं गाणं, मग कुणाचा तरी हशा, मग अर्धवट बातमी. तो स्वतःही पूर्ण ऐकत नाही आणि आपल्याला मात्र ऐकवतो. मागच्या महिन्यात मी एकाला म्हटलं, ‘भाऊ, आवाज कमी करता का?’ त्याने इतक्या चटकन ‘सॉरी सॉरी’ म्हणून बंद केलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. आवाज बाहेर येतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

यावरून एक जुनी गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये १ जुलै १९७९ला विक्रीला आला, किंमत ३३,००० येन. त्या यंत्राला हेडफोन लावायला दोन छिद्रं होती आणि वर एक नारिंगी बटण. दोघांनी एकत्र ऐकायचं, मध्येच काही बोलायचं झालं तर बटण दाबायचं, गाण्याचा आवाज खाली जातो आणि छोट्या माइकमधून एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. हे कशासाठी? सोनीचे अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की घरी नमुना लावून बघत असताना त्यांच्या पत्नीला तुटल्यासारखं वाटलं, आणि माणसाने एकट्याने कानाला लावून बसणं उद्धटपणाचं दिसेल अशी भीती त्यांना वाटली. म्हणून दोघांची सोय. लोकांनी काय केलं? प्रत्येकाने आपला आपला वॉकमन घेतला. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं.

आता इकडे या. एप्रिल २०२३मध्ये बेस्टने बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलवर काही लावायला आणि मोठ्याने बोलायला बंदी घातली. म्हणजे १९७९मध्ये जे कानाला लावणं उद्धटपणाचं दिसेल म्हणून यंत्र बनवणाराच धास्तावला होता, तेच चव्वेचाळीस वर्षांनी मुंबईत नियम करून लावायला सांगतात. वस्तू तीच, उद्धट आणि सभ्य यांनी जागा बदलल्या. मला ‘सॉफ्टवेअरवाला’ म्हणून मोबाइलची वकिली करायची नाहीये (माझं काम बँकेच्या हिशेबाच्या प्रोग्रामचं आहे, त्यात टाळ्या नसतात), पण रीतभात ‘गेली’ असं तुम्ही म्हणता तेव्हा मला हे नारिंगी बटण आठवतं. ती कुठे गेली आणि तिच्या जागी काय बसलं, हे मला बघावंसं वाटतं.

जपानी लोक तर फोनच्या सायलेंट मोडला ‘मॅनर मोड’च म्हणतात. आपण ‘सायलेंटवर टाकलाय’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा तो शोधत असतो.

मुलीचं राहिलं. हे तुम्ही रागाने लिहिलंय, पण मला त्यात राग कमी वाटला. काका, न्यू जर्सी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. तिची जेवणाची सुट्टी साडेबाराला असेल तर आपल्याकडे जूनमध्ये रात्रीचे दहा, डिसेंबरमध्ये अकरा. तुम्ही दहाला झोपता हे तुम्हीच लिहिलंय. आणि अवेळी वाजणाऱ्या फोनची आपल्या घरांत काय दहशत होती ते मी सांगायला नको. रात्री रिंग वाजली की आजी आधी देवाला हात जोडायची, मग विचारायची, ‘कोण गेलं?’ ती रिंग तुमच्या उशाशी वाजू नये म्हणून मुलगी विचारते. पूर्वी ओट्यावर उभं राहून, कडी वाजवण्याआधी ‘आहात का घरात?’ म्हणायचे ना, तसं. परवानगी मागण्याचा त्यात काही संबंध नाही, असं मला तरी दिसतं.

तरी तुम्हाला खुपतं, तेही समजतं. बापाच्या घराला कडी कशाला. मग तिला तसं सांगा. ‘तू विचारू नकोस, सरळ लाव’ एवढा एक मेसेज. सध्या तुम्ही करता ते मात्र बरं नाही. ‘मी मुद्दाम उत्तर देत नाही, कळू दे तिला’ असं लिहिलंय तुम्ही. काका, दोन निळ्या खुणा तिला दिसतात. २०१४पासून दिसतात. बाबांनी वाचलंय आणि गप्प आहेत, हे तिकडे दुपारी डबा खाताना तिला कळत असणार. एक रिंग द्या. मिस्ड कॉल. तुमच्या मते ती चिंधीगिरी असेल, पण तिला अर्थ नीट कळेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. टाळणार होतो, पण बायको ही प्रतिक्रिया वाचून गेली आणि म्हणाली, ‘खरं लिही.’ तर खरं: माझा फोन ताटाच्या डाव्या अंगाला असतो, मीठ-लिंबाच्या पलीकडे, चटणीला लागून. परवा त्याला दाण्याची चटणी लागलेली होती. पण उपडा ठेवतो.