देशसेवा, रविवारी दहा ते साडेबारा

देशाचा सामाजिक विकास करावा असं तुमच्या मनात आलं असेल तर अभिनंदन. विचार आला तेव्हा किती वाजले होते ते लिहून ठेवा. सेवेच्या तासांत तोही वेळ धरता येतो.

या विषयात मी मागच्या रविवारपासून जाणकार झालो आहे. त्याआधी सहा वर्षं एका वस्तीच्या समाजमंदिरात पोरांना गणित शिकवत होतो आणि आपण काहीतरी स्वयंसेवी काम करतो असा माझा समज होता. रविवारी एका कंपनीची बस आली, त्यातून तेहतीस माणसं उतरली आणि खरी सेवा कशाला म्हणतात ते मला अडीच तासांत कळलं. ते ज्ञान फुकट वाटतो आहे.

सुरुवात टी-शर्टपासून. एकच रंग, पाठीवर 'बदल' हा शब्द कुठेतरी हवाच.

फ्लेक्स काम सुरू व्हायच्या आधी लावा. नंतर लावला तर लोक काम झालंय का ते बघायला लागतात.

काय हवंय, हे वस्तीला अजिबात विचारू नका. त्यांना संडासाच्या दाराला कडी हवी असते. नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत चार खेपा घालायला सोबत कोणीतरी हवं असतं. कडीभोवती तेहतीस माणसं मावत नाहीत आणि कचेरीत फोटो काढू देत नाहीत.

म्हणून भिंत रंगवा. समाजसेवेला भिंतीसारखी दुसरी जागा नाही. ती बोलत नाही, पळत नाही, कोणाच्या शाळेला जात नाही. आमची भिंत या वर्षात तिसऱ्यांदा रंगली. जानेवारीत एका कॉलेजच्या मुलांनी तिच्यावर झाड काढलं. पावसाळ्याच्या तोंडावर एका क्लबाने त्या झाडावर पृथ्वी काढली, तिला दोन्ही बाजूंनी दोन हात. आता रविवारी पृथ्वीवर पांढऱ्याचे दोन हात मारून पुन्हा झाड आलं. त्या भिंतीला खालून ओल आहे. तिसऱ्या खेपेलाही पोपडे तिथेच धरणार आहेत, कारण मागचा पाइप गळतो आणि पाइप दुरुस्त करायला प्लंबर लागतो, ब्रश नव्हे. बरं, पृथ्वीच्या खाली कोपऱ्यात आमच्या पोरांनी पंधरा दिवस खपून अपूर्णांकांच्या पट्ट्या रंगवल्या होत्या. अर्धा, पाव, पाऊण, एकअष्टमांश. पाव मोठा की एकअष्टमांश, हे ज्या पोरांना दोन वर्षं कळत नव्हतं ती त्या पट्ट्यांवर बोट ठेवून उत्तर द्यायला लागली होती. मी म्हटलं, मॅडम, एवढा कोपरा सोडा. समन्वयक मॅडम फार गोड हसल्या. "सर, फ्रेममध्ये येतंय ते." आणि रोलर फिरला. साडेअकरा वाजता पाऊण गेला, पावणेबाराला पाव. सोमवारी पोरांची चाचणी होती. पण पोरं त्या वेळी उन्हात रांगेत उभी राहून हसण्याचा सराव करत होती, कारण पहिल्या फोटोत दोघंतिघं हसली नव्हती.

असो. पुढची सूचना.

विद्यार्थी असाल तर सेवेच्या तासांची डायरी एका रात्रीत एकाच पेनाने भरू नका. शाई बदला.

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास द्यायचे, दोन वर्षांत 240. ब्रीद 'नॉट मी बट यू'. याचा प्रचलित मराठी अनुवाद 'मी नाही, तू कर' असा आहे. (खरोखर राबणारी पोरं मी या योजनेतच पाहिली आहेत. प्रमाणपत्र न्यायला ती सगळ्यांत शेवटी येतात.)

कंपनीत असाल तर एक वाईट बातमी आहे. 2013च्या कंपनी कायद्याने नफ्याचे जे दोन टक्के समाजासाठी खर्चायचे, त्यात कर्मचाऱ्यांच्या सेवेचे तास पैशांत मोजून धरता येत नाहीत. खचून जाऊ नका. वार्षिक अहवालात फोटोला जागा असतेच.

गाडगेबाबांचं नाव भाषणात घ्या, खराटा हातात घेऊ नका. बाबा गावात शिरले की आधी झाडायला लागत, कीर्तन रात्री. आपण कीर्तन आधी उरकतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. जी संपत नाही अशी सेवा चुकूनही पत्करू नका. पत्करलीत तर तुमची आशाताई होईल. 2005पासून या देशात गावोगाव, साधारण हजार माणसांमागे एक, अशा बायका नेमल्या गेल्या. आता त्या दहा लाखांच्या घरात आहेत. सरकारदरबारी त्या 'स्वयंसेविका'. तसं म्हटलं की पगार म्हणावं लागत नाही, मोबदला म्हणून भागतं. गरोदर बाईची नोंद, बाळाची लस, क्षयरोग्याच्या गोळ्या, रात्री दोन वाजता अडलेल्या बाईला रिक्षात घालून दवाखान्यात नेणं, आणि हे सगळं मोबाइलवर भरणं. 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. मान्य झालेल्या वाढीचा आदेश निघावा म्हणून 2024मध्ये याच बायका मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. आणि रविवारी पगारी माणसं नाश्ता, टोपी आणि एसी बससह अडीच तास येऊन गेली, तीही स्वयंसेवकच. शब्द एकच आहे, काय करता.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं जुन्या काळी असत म्हणे. आता घरचंही खायचं नाही आणि भाकरीही भाजायची नाही, तव्यासोबत फोटो काढायचा.

पुरे झाला उपरोध. मला राग आला आहे.

पोलिओ या देशातून भिंती रंगवून गेला नाही. 1995ला मोहीम सुरू झाली आणि पुढे माणसं दारोदार फिरली. पोराच्या करंगळीला शाई, दाराच्या बाजूला खडूची खूण. दार बंद मिळालं तर उद्या परत, परवा परत. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011ला हावड्यात सापडला आणि पोलिओमुक्तीचा दाखला 27 मार्च 2014ला मिळाला, म्हणजे तीन वर्षं एकही रुग्ण नसतानाही फेऱ्या चालूच होत्या. बंद दाराशी परत जायचं असतं हो! तुम्ही परत येत नाही, हीच माझी तक्रार आहे. तिन्ही वेळा भिंत रंगवणारी माणसं वेगळी होती आणि तिघांपैकी एकालाही आमच्या एका पोराचं नाव माहीत नाही.

तेहतीस माणसं गुणिले अडीच तास, साडेब्याऐंशी तास झाले. माझा वर्ग आठवड्याला दोन तासांचा. तुमच्यातल्या एकानेच ते तास दिले असते तर एकेचाळीस आठवडे वर्ग चालला असता. हे गणित आमच्या सातवीच्या पोरांना येतं.

काल मॅडमचा अर्ज आला. 'लाभार्थी संख्या' या रकान्यात मी 'एक' लिहिलं आहे आणि कंसात 'भिंत'.

तुमची शिडी इथेच राहिली आहे. बुधवारी सहाला वर्ग असतो, तेव्हा कोणीतरी एकटं, टी-शर्ट न घालता या आणि घेऊन जा. जाण्याआधी त्या पोरांसोबत पट्ट्या पुन्हा आखून द्या. अर्ध्यापासून सुरुवात करा, एकअष्टमांशाला वेळ लागतो.