गांजा लागवड : शेतकरी बांधवांसाठी सुधारित सल्ला

सोयाबीन झालं, कांदा झाला, टोमॅटो रस्त्यावर ओतून झाला. आता 'पीकपद्धत बदला' असं सांगणाऱ्यांचं पीक आलंय. कुणी ड्रॅगन फ्रूट लावा म्हणतं, कुणी बांबू, कुणी रेशीम. या सगळ्यात एका पिकाचं नाव कुणी घेत नाही. आणि गंमत अशी, की शेतकरी सरकारकडे ज्या ज्या सोयी वर्षानुवर्षं मागतोय, त्या आजच्या घडीला या राज्यात एकजात त्याच पिकाला मिळतात. म्हणून हा सल्ला. बी कुठं मिळेल ते मात्र विचारू नका. कृषी सेवा केंद्रात तर नकोच. तिथं एका युरियाच्या गोणीबरोबर आधीच नको त्या दोन बाटल्या गळ्यात मारतात.

जमिनीपासून सुरुवात करू. गांजाला जमीन कसलीही चालते, सातबारा नडतो. अमली पदार्थांचा 1985 चा कायदा आहे, ठाण्यात त्याला एनडीपीएस म्हणतात. त्याचं कलम 46 सांगतं की आपल्या जमिनीत बेकायदा गांजा उभा असेल तर जमीनधारकाने ते ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळवावं. माहीत असून कळवलं नाही तर तोही गुन्हा. तेव्हा पेरणी झाली की पाभर धुवून ठेवा, आंघोळ करा आणि ठाण्यात जाऊन स्वतःविरुद्ध अर्ज देऊन या. पोच घ्यायला विसरू नका. कलम 47 तर त्याहून गोड. सरपंच, पंच आणि झाडून सगळे सरकारी नोकर यांच्यावरही कळवण्याची हीच जबाबदारी टाकलेली आहे. ज्या गावात ग्रामसेवक दिसला तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात, त्या गावात एका झाडासाठी अख्खी यंत्रणा कायद्यानं जागी ठेवलेली आहे.

ई-पीक पाहणीचं ॲप आल्यापासून तुम्ही बांधावर मोबाईल उंच धरून रेंज शोधताय. सर्व्हर बंद, फोटो चढत नाही, गट नंबर दुसऱ्याच्याच शेतात दाखवतो. या पिकाला तो ताप नाही. याची पाहणी करायला माणसं येतात.

आणि कशी येतात! रात्री खबर लागते, उजाडायच्या आत गाड्या बांधाला. साहेब, त्यांच्यामागे फौजदार, तहसील कचेरीतला राजपत्रित अधिकारी, जमीन कुणाची ते सांगायला तलाठी, झोपेतून उठवून आणलेले दोन पंच, फोटोग्राफर, लॅपटॉप आणि प्रिंटर सांभाळणारा एक पोलीस, आणि पेठेतला कुणीतरी दुकानदार आपला वजनकाटा डोक्यावर घेऊन. तिथंच पंचनामा लिहिला जातो. नमुने काढतात, पुड्या बांधतात, सुतळीच्या गाठीवर लाख वितळवून शिक्का मारतात. वाऱ्यानं मेणबत्ती विझू नये म्हणून एक जण टोपी आडवी धरून उभा असतो. शेतकऱ्याच्या पिकासाठी सरकारी माणसानं टोपी धरली, हे दृश्य दुसऱ्या कुठल्या पिकात पाहिलंत? सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात आणि सीनेच्या काठावर पिकंच्या पिकं पाण्याखाली गेली, तेव्हा पंचनाम्याला कोण आणि कधी येणार हे विचारता विचारता सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटले. नंतर केंद्राच्या निकषानं मदत मोजली, कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये. गांजाचा पंचनामा मात्र आजवर एकदाही 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून राहिलेला नाही.

खरेदीचंही तसंच. हमीभाव केंद्रावर जा, बारदाना संपलेला असतो. बारदाना असला तर ग्रेडर रजेवर. ग्रेडर असला तर तो यंत्र घालून ओलावा मोजतो आणि 12 च्या वर आकडा गेला की ट्रॅक्टर परत. (2024 च्या नोव्हेंबरात तो आकडा 15 केला होता. विधानसभेची निवडणूक होती, हवेतच दमटपणा होता.) इथं पोलीस गोण्या स्वतः घेऊन येतात. झाड मुळासकट उपटतात आणि पान, दांडा, मुळाला चिकटलेली माती असं सगळं ओलंचिंब काट्यावर चढवतात. कडता नाही, ओलाव्याची घट नाही, हमाली-तोलाई नाही, आडत नाही. वाहतूक सरकारी खर्चानं, मालाची आणि मालकाचीही.

आता कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुललेले शेंडे. शेंडा सोबत नसेल तर पान आणि बी त्यात धरत नाहीत. पण भल्या पहाटे शेंडे कोण खुडत बसणार? वजन फुगतं, आणि 20 किलोच्या वर गेलं की ते 'व्यापारी प्रमाण' होतं, म्हणजे 10 ते 20 वर्षं आणि 1 ते 2 लाख दंड. पुढं कधीतरी वकील हायकोर्टात व्याख्या वाचून दाखवतो आणि त्या मुद्द्यावर जामीनही झालेले आहेत. तोवर इकडे दोन हंगाम निघून गेलेले असतात. नुसत्या लागवडीचं विचाराल तर शिक्षा 10 वर्षांपर्यंत, आणि त्यात झाड एक आहे की एकरभर, हा भेद नाही. अल्पभूधारक आणि मोठा बागायतदार यांना एका रांगेत बसवणारी ही राज्यातली एकमेव योजना.

भावाबद्दल तर बोलायलाच नको. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये. तो कागदावर छान दिसतो आणि बाजार समितीत आडत्या तो ऐकून हसतो. उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरायची का, जमिनीचं भाडं धरायचं का, यावर दिल्लीत वर्षानुवर्षं बैठका चालल्यात. तेच गांजाचं बघा. पीक जप्त झालं की संध्याकाळपर्यंत प्रेसनोट येते आणि त्यात 'अंदाजे किंमत रुपये इतके लाख' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. दांड्याचाही भाव लावतात, मुळाचाही लावतात. इतक्या उदार मनानं शेतमालाची किंमत काढणारं दुसरं खातं नाही. कृषिमूल्य आयोगावर दोन फौजदार नेमा, दीडपट हमीभावाचा प्रश्न एका प्रेसनोटमध्ये मिटेल.

हे सगळं मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या फार आधी लक्षात आलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये त्यानं सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना रीतसर अर्ज केला: कुठल्याच शेतमालाला भाव नाही, गांजाला आहे, तरी माझ्या दोन एकरांत तो लावायची परवानगी द्यावी. 15 सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून 16 तारखेला लागवड करीन आणि गुन्हा दाखल झाला तर जबाबदार प्रशासन राहील, हेही लिहिलं. कचेरीनं अर्ज पोलिसांकडे धाडला, पोलीस म्हणाले हा प्रसिद्धीसाठीचा स्टंट. आता तुम्हीच सांगा, शेततळ्याचा, विहिरीचा, वीजजोडणीचा कुठला अर्ज इतक्या लवकर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलाय? अर्ज करायचाच झाला तर असा करा. मात्र मुदत लिहू नका. मुदत पाळणं हा शेतकऱ्याचा धर्म आहे, कचेरीला तो लागू नाही.

कुणी म्हणेल, हे पीक आपल्याकडचं नव्हेच, असली थेरं परप्रांतीय. तर तुमच्या पणजोबांना विचारा, त्यातही तुम्ही नगरचे असाल तर जरूर विचारा. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात गांजा पिकवण्यात नगर जिल्हा आघाडीवर होता. परवाना होता, गुदाम होतं, कर होता, सगळं उजळ माथ्यानं. 1893 साली लंडनच्या पार्लमेंटात कुणाला तरी हिंदुस्थानी लोकांच्या डोक्याची काळजी वाटली, म्हणून आयोग बसला. त्यानं गावोगाव फिरून 1,193 साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल लिहिला, आणि निष्कर्ष काय काढला? बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, बंदी नको, परवाना ठेवा आणि कर वाढवा. इंग्रज काही प्रेमापोटी बोलत नव्हता, त्याला महसूल दिसत होता. पण निदान साक्षी तरी घेतल्या. आपण 1985 साली आंतरराष्ट्रीय करारापायी शब्द दिला होता म्हणून कायदा केला. शेतकऱ्याची साक्ष काढल्याचं काही ऐकिवात नाही.

तिकडे बंगालात नौगावला, म्हणजे आताच्या बांगलादेशात, 1917 साली गांजा उत्पादकांनी चक्क सहकारी संस्था काढली. मालाची खरेदी, साठवण, विक्री सगळं संस्थेमार्फत, आणि नफ्यातून शाळा आणि दवाखाने. 1987 पर्यंत तिथं लागवड चालू होती. आता हे वाचून तुमच्या पोटात कालवलं असेल, तर ते साहजिक आहे. आपली वाट चुकली ती इथं. नगर जिल्ह्याकडे गांजाही होता आणि पुढं प्रवरेच्या काठी सहकारही उगवला, फक्त दोघांची गाठ पडली नाही. पडली असती तर काय थाट असता! कारखान्याच्या गेटवर संस्थापकांचा पुतळा. चिलमीच्या आकाराची कमान. पहिली मोळी टाकायला मंत्री. सभासदांना दिवाळीला साखरेऐवजी काय, ते तुम्ही ओळखा. वार्षिक सभेत 'विषय मंजूर, मंजूर' हे दोन मिनिटांत उरकायचंच, पण मागच्या रांगेतले सभासद या वेळी हसत हसत हात वर करणार. आणि हो, 14 दिवसांत पैसे द्यायचा नियम तिथंही असता, आणि तिथंही चेअरमननी 'बाजारात उठाव नाही' म्हणून दुसरा हप्ता होळीवर ढकलला असता. फरक एवढाच, की उत्पादक तितका चिडला नसता.

असो. झालं ते झालं. ज्यांना आजही कायद्यात राहून हे पीक घ्यायचंय त्यांनी आधी शेतकरी असणं सोडावं. ही अट कायद्यात लिहिलेली नाही, पण चालीरीतीनं पक्की आहे. कलम 10 राज्यांना परवानगी द्यायचा अधिकार देतं, कलम 14 धाग्यासाठी आणि बियांसाठी लागवडीची वाट ठेवतं. उत्तराखंडनं 2018 मध्ये अशा लागवडीचा पहिला परवाना दिला. अट एकच, झाडात नशेचा अंश 0.3 टक्क्यांच्या आत हवा. तो मोजायला प्रयोगशाळा हवी, प्रयोगशाळेला पैसे हवेत, पैशांना कंपनी हवी. 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं भांगेच्या बियांना अन्नाचा दर्जाही दिला. आता पुण्यामुंबईत ते बी सोलून, काचेच्या बरणीत भरून, प्रोटीन म्हणून विकतात. पानांच्या अर्काचं तेल आयुर्वेदिक परवान्यावर घरपोच येतं. सातपुड्याच्या पायथ्याला शिरपूरकडे वनजमिनीवर तेच झाड दिसलं की तिथं तुकडी जाते, उपटते, पेटवते आणि धुराच्या पुढं उभं राहून फोटो काढते. त्या मळ्यात पैसा ओतणारा शेठ त्या फोटोत कधीच नसतो. सापडतो तो राखणीला ठेवलेला.

आणखी एक आधार जवळ ठेवा. 2 डिसेंबर 2020 ला व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगासमोर मतदान झालं: गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीत ठेवायचं की काढायचं? 27 विरुद्ध 25 मतांनी तो त्या यादीतून निघाला, आणि काढा म्हणणाऱ्या 27 जणांत आपला भारत होता. एवढ्या काठावरच्या निकालात आपलं एक मत! पकडायला आलेल्या हवालदाराला हे जरूर सांगा. तो शांतपणे ऐकून घेईल. व्हिएन्ना आपल्या हद्दीत येत नाही, एवढं त्याला पक्कं माहीत असतं.

इतकं वाचूनही धीर होत नसेल तर सरळ तूर लावा. पण पाऊस लागून ती गेली, आणि पंचनाम्याला कुणी फिरकेना, तर वाट पाहत बसू नका. ठाण्याला एक फोन करा, नाव न सांगता: अमुक गटात तुरीच्या ओळींत गांजा आहे. उजाडायच्या आत सगळा लवाजमा हजर. तलाठी असेल, तहसीलचा माणूस असेल, फोटोग्राफर असेल, प्रिंटरसुद्धा असेल. चहा ठेवा, आणि आलाच आहात तर जरा ही कुजलेली तूरही कागदावर घ्या म्हणावं. मुद्दाम खोटी खबर देऊन झडती घडवली तर कलम 58 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मान्य. पण दहापेक्षा दोन बरी, आणि पंचनामा तर हातात पडतो. फक्त फोनवर शेजाऱ्याचा गट नंबर देऊ नका. त्याचीही तूर गेलीय, त्यानं रात्रीच फोन लावलाय.