उपवासाने लेप्टिन वाढत नाही, घटतं

तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'दोन दिवस कडक उपवास करा, लेप्टिन वाढेल, पांढऱ्या पेशी दुप्पट जोमाने लढतील.' एक काका तर उपाशीपोटी पर्वती चढायला निघाले होते. म्हणून हा खुलासा.

लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून पाझरणारं संप्रेरक. साठा किती उरलाय ते मेंदूला कळवतं. त्याचं जनुक १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. उपाशी राहिलं की लेप्टिन झपाट्याने उतरतं, पोटाचा घेर कमी व्हायच्या कितीतरी आधी. (साबुदाण्याची खिचडी हाणून केलेला उपवास इथे धरलेला नाही.)

टी पेशी म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार; त्यांच्यावर लेप्टिन ओळखणारे ग्राही रेणू असतात. लेप्टिन घटलं की या पेशी सुस्तावतात. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उंदरांना ४८ तास उपाशी ठेवलं. त्यांचा प्रतिकार ढेपाळला, आणि लेप्टिन टोचल्यावर सावरला. म्हणजे मेसेजच्या नेमका उलटा प्रकार.

मग भरपूर लेप्टिन चांगलं? तसंही नाही. लठ्ठपणात ते वाढलेलंच असतं, दाह भडकवणाऱ्या पेशींना चेव येतो आणि लगाम धरणाऱ्या नियामक टी पेशी मागे पडतात.

मेसेजखालच्या 'लेप्टिन कॅप्सूल'बद्दल: लेप्टिन हे प्रथिन आहे, गिळलं तर वरणातल्या प्रथिनासारखं पचून जाईल. ज्या मुलांच्या शरीरात ते जन्मतःच बनत नाही, त्यांनाही ते इंजेक्शननेच देतात.