एकटी गॅलेक्सी विझते हा फॉरवर्ड खोटा आहे

परवा माझ्या भाचीला घरातल्याच एका मोठ्या माणसाने एक फॉरवर्ड पाठवला. पोरगी अकरावीत आहे, अबोल आहे, पुस्तक घेऊन खोलीत बसते आणि घरच्यांना तेच खुपतं. मेसेजमध्ये लिहिलंय की गर्दीत राहणाऱ्या आकाशगंगांमध्ये, म्हणजे गॅलेक्सींमध्ये, तारे जन्मत राहतात, एकट्या पडलेल्या विझून जातात, हे विज्ञानाने सिद्ध केलंय, म्हणून एकटं राहू नका. तिने मला विचारलं, "मावशी, हे खरंय का गं?" तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

एकटी गॅलेक्सी विझते हा मुद्दा सगळ्यात घातक, आणि तोच साफ उलटा आहे. खगोलशास्त्रज्ञ ॲलन ड्रेसलर यांनी 1980 साली 55 क्लस्टरमधल्या, म्हणजे गॅलेक्सींच्या दाट वस्त्यांमधल्या, सुमारे 6000 गॅलेक्सींचा अभ्यास मांडला. गर्दी जितकी दाट, तितक्या सर्पिल गॅलेक्सी कमी आणि लंबगोल, तारे बनवणं जवळपास थांबलेल्या जास्त. नंतरच्या मोठमोठ्या सर्व्हेंमध्येही तेच दिसलं.

कारण अवघड नाहीये. तारे बनायला थंड गॅस लागतो. क्लस्टरमध्ये गॅलेक्सींच्या मधली जागा रिकामी नसते, तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ गॅस भरलेला असतो, आणि त्यात एखादी गॅलेक्सी सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने घुसली की समोरून येणारा तो गॅस तिचा स्वतःचा थंड गॅस मागे ढकलून बाहेर काढतो, भरधाव गाडीवर ओढणी मागे उडते ना तसा. ईएसओ 137-001 या गॅलेक्सीचा हबल दुर्बिणीने काढलेला फोटो शोधून बघा. तबकडीच्या मागे निळ्या रेघा लोंबताना दिसतात, आणि त्या रेघांमध्ये आहेत बाहेर सांडलेल्या गॅसातून जन्मलेले तारे. ज्या गॅसमधून तिच्या आत तारे बनले असते तो असा वाटेत सांडतोय, आणि हे गर्दीत शिरल्यामुळे झालंय.

आता एकटीचं उदाहरण घ्या. एनजीसी 6946, साधारण अडीच कोटी प्रकाशवर्षांवर, जवळ कुणी मोठी शेजारीण नाही. तिथे 1917 ते 2017 या शंभर वर्षांत दहा तारे फुटताना दिसले. असे फुटणारे तारे खूप मोठे आणि अल्पायुषी असतात, म्हणजे ते जन्मून फार काळ झालेला नसतो. तिला फायरवर्क्स गॅलेक्सी म्हणतात ते यामुळेच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. दोन गॅलेक्सी एकमेकींजवळून गेल्या किंवा भिडल्या तर गॅस दाबला जाऊन तारे भराभर बनू शकतात, अँटेनी नावाच्या एकमेकींना भिडलेल्या दोन गॅलेक्सींमध्ये किंवा एम 82 या गॅलेक्सीमध्ये दिसतं तसं. पण ती दोघींची गाठ, हजारोंच्या क्लस्टरची गोष्ट नाही, आणि त्या वेगाने गॅसही लवकर संपतो. एकट्या गॅलेक्सीही कधीकधी थांबतात हेही खरं, पण तिथे तिचं स्वतःचं वस्तुमान आणि मधलं कृष्णविवर ही कारणं सांगितली जातात, एकटेपणा नाही.

फॉरवर्डमधलं बाकीचं पटकन सांगते. "टक्कर झाली की तारे एकमेकांवर आपटून चुरा होतात" हे चूक. सूर्य 1 मिलिमीटरचा धरला तर सगळ्यात जवळचा तारा सुमारे 29 किलोमीटरवर येतो, आपटणार कोण कोणावर? भिडतो तो गॅस. अँड्रोमेडा ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण गॅलेक्सी, ती "आपल्यावर आदळणारच" हेही आता तसं ठाम राहिलं नाही, 2025 सालच्या एका अभ्यासात पुढच्या 1000 कोटी वर्षांत दोघी एक होण्याची शक्यता जेमतेम अर्धी निघाली.

हे सगळं मी त्या मोठ्या माणसालाही पाठवलंय, फोटोसकट. भाचीला तसा मेसेज पाठवल्याबद्दल तिची माफी मागा, असंही लिहिलंय. भाची काल रात्री बराच वेळ एनजीसी 6946 चे फोटो बघत बसली होती, तिच्या खोलीत, एकटीच.