हरवताना खोटं न बोलणारे गेम : २०१० ते २०१९

मागच्या दशकातले सर्वोत्तम गेम कोणते, हा वाद नाशिकच्या कॉलेज रोडच्या टपरीवर निघाला की दोन मिनिटांत तीन नावं येतात. जीटीए फाइव्ह, विचर थ्री, पब्जी. चौथं नाव यायच्या आत चहा संपतो. नावांशी माझं भांडण नाही, ती कशावरून निघतात त्याच्याशी आहे. नकाशा केवढा, घोड्याचे केस कसे हलतात, किती कॉप्या खपल्या, यावर मोजलं तर दर पाच वर्षांनी यादी शिळी होणार. माझी मोजपट्टी साधी आहे. हरलो तर का हरलो हे गेम सांगतो का, आणि खरं सांगतो का?

डार्क सोल्सपासून सुरुवात करू, कारण २०११ पासून त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला. "लई अवघड" म्हणून लोक सोडून देतात. अडकलेल्या माणसाला मी पहिल्यांदा एकच आकडा बघायला सांगतो, अंगावरचं वजन. शस्त्र, ढाल, चिलखत मिळून क्षमतेच्या २५ टक्क्यांच्या आत असेल तर कोलांटी चपळ बसते. ५० टक्क्यांपर्यंत मध्यम. त्याच्या पुढे गेलात की कांद्याची गोणी ट्रकवरून पडावी तसा गडी आपटतो आणि उठेपर्यंत पुढचा वार बसलेला असतो. दुसरी चूक ढालीची. ढाल सतत वर धरली तर हिरवी पट्टी, म्हणजे दम, हळू भरतो. वार अडवला की ढाल खाली, पट्टी भरू द्या, मग पुन्हा वर. तिसरी चूक वाटेची. सुरुवातीच्या फायरलिंक या ठिकाणाहून निघाल्यावर स्मशानातले हाडांचे सापळे दोन-तीन फटक्यांत आडवं करत असतील तर तुम्ही कमी पडत नाही आहात, रस्ता चुकलाय. कड्यावरून वर जाणाऱ्या पायऱ्या धरा. आणि मिळालेले सगळे सोल्स, म्हणजे या गेममधलं चलन, लेव्हल वाढवण्यात उधळू नका. आंद्रे लोहाराकडे साधं शस्त्र +५ पर्यंत न्यायला टायटनाइटचे एकूण ९ तुकडे लागतात. चार लेव्हल चढवून वाढत नाही एवढा मार त्यातून वाढतो.

यातली एकही गोष्ट गेम लपवत नाही, तोंडानं सांगत नाही एवढंच. पीसीवर २०१२ मध्ये आला तेव्हा मात्र त्याची अवस्था वाईट होती. आतलं चित्र १०२४ बाय ७२० वर बांधलेलं, वेग सेकंदाला ३० फ्रेमवर. डीएसफिक्स नावाच्या मॉडनं, म्हणजे चाहत्यानं लिहिलेल्या दुरुस्तीनं, ते सोडवलं. पण त्यात ६० फ्रेम चालू केले की शिडीवरून घसरत उतरताना काही ठिकाणी माणूस जमिनीतून आरपार जायचा, कारण खेळाचं गणितच ३० धरून लिहिलेलं. उपाय म्हणजे शिडी पायरी-पायरीनं उतरायची. आता रीमास्टर्ड आवृत्ती आहे, तीच घ्या. तरीही पूर्ण गुण नाही देणार. बेड ऑफ केऑस नावाचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, निव्वळ नशिबाचा आहे, पायाखालची जमीन अचानक जाते आणि शिकण्यासारखं काही उरत नाही. तिथे हा गेम माझ्या मोजपट्टीवर साफ नापास.

पेपर्स, प्लीजचं नाव नाशिककरांनी तरी घ्यायला हवं होतं. आपले पासपोर्ट छापले जातात ते नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, आणि २०१३ चा हा गेम अख्खा पासपोर्ट तपासण्याचा. लुकास पोप या एका माणसानं केलेला. साल १९८२, आर्स्टोत्स्का नावाचा काल्पनिक देश, सीमेवरची खोली, आणि तुम्ही शिक्के मारणारे. मुदत, फोटो, जन्मतारीख, पासपोर्ट देणारं शहर, शिक्का. चुकीचा माणूस आत सोडलात की लगेच चिठ्ठी छापून येते आणि नेमकं काय नजरेतून सुटलं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून पगार कापला जातो. माणशी ५ क्रेडिट मिळतात आणि त्यात भाडं, जेवण, शेगडी, पोराचं औषध बसवायचं. नवखे लोक घाईनं मरतात. वेग हाताचा नसतो, टेबल लावण्याचा असतो. नियमांची वही एका ठराविक कोपऱ्यात ठेवायची, पासपोर्ट नेहमी त्याच जागी ओढायचा आणि तपासायचा क्रम कधी बदलायचा नाही. आपल्या देशाची शहरं पाठ झाली की प्रत्येक माणसामागे काही सेकंद वाचतात आणि पगाराचं गणित तिथेच सुटतं. वीसेक मिनिटांनी पोटात खड्डा पडतो तो ग्राफिक्समुळे नाही. समोरच्या बाईचा कागद अपुरा असतो, तिचा नवरा आत्ताच पलीकडे गेलेला असतो, आणि तुमच्या दोन चुका आधीच झालेल्या असतात.

काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह, दोन टीमचा बंदुकांचा गेम. ऑगस्ट २०१२ चा, डिसेंबर २०१८ पासून फुकट, २०२३ मध्ये त्याच्या जागी काउंटर-स्ट्राइक टू आला. सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोडच्या कॅफेंमध्ये त्या दशकात याची जागा कुणी घेतली नाही. कारण तेच, प्रत्येक मरणाचा हिशेब लागतो. पळत पळत गोळी मारली तर ती जाईल तिकडे जाईल. थांबायचं कसं, तर उजवीकडे जात असाल तर डावीकडची कळ क्षणभर टोचायची, पाय जागच्या जागी थांबतात, मग गोळी. एके बंदूक सलग सोडली की नेम आधी सरळ वर चढतो, मग आडवा फिरतो. म्हणून माउस आधी खाली ओढायचा, लांबच्या माणसावर दोन-तीनच गोळ्या. गेममध्ये 'रॉ इनपुट' चालू नसेल तर विंडोजच्या माउस सेटिंगमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद केल्याशिवाय हात बसणार नाही, कारण ते चालू असताना हाताच्या वेगाप्रमाणे अंतर बदलतं. बॉम्ब ४० सेकंदांत फुटतो, निकामी करायला १० सेकंद, किट असेल तर ५. किट ४०० डॉलरचं. तरी लोक ते न घेता ३१०० ची एम४ए४ बंदूक घ्यायचे आणि शेवटच्या सात सेकंदांत टीमला शिव्या द्यायचे.

पिंगबद्दल, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेबद्दल, एक. नाशिकहून मुंबईचा सर्व्हर दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर, अंतराची रडगाणी इथे लागू नाहीत. आकडा उड्या मारतो तो बहुतेक घरातल्या वायफायमुळे, किंवा कुणीतरी मोठा व्हिडिओ अपलोडला लावलेला असतो म्हणून. राउटरच्या रांगेत तुमचं इवलंसं पॅकेट त्या अपलोडच्या मागे उभं राहतं, पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे निघालेल्या दुचाकीसारखं. साधी लॅनची वायर टाका. आधी ते, मग कंपनीला फोन. काउंटर-स्ट्राइकचा काळा भाग पेट्यांचा. चावी विकत घेऊन आतून कुठली स्किन, म्हणजे बंदुकीचा साज, निघेल ते नशिबावर, हा सरळ जुगार आहे आणि शाळकरी पोरं त्यात पैसे घालवतात.

पब्जी मोबाइल या यादीत नाही. मार्च २०१८ ते २ सप्टेंबर २०२० च्या बंदीपर्यंत त्यानं जेवढ्या पोरांना गेम खेळायला लावलं तेवढं दुसऱ्या कुणी नाही, हे मान्य. पण खालच्या रँकच्या सामन्यांत तो बॉट भरायचा. उघड्यावर उभं राहून इकडेतिकडे गोळ्या सोडणारे, सरळ रेषेत पळणारे ते 'खेळाडू' यंत्रच होते. पहिल्या दिवशी चिकन डिनर, म्हणजे विजय, मिळालेल्याला वाटतं आपण भारी. आठवड्यानं रँक चढते, समोर खरी माणसं येतात, आणि तो फोनला दोष देतो. (फोनचा दोष थोडा असायचाच. २ जीबी रॅमच्या हँडसेटवर ग्राफिक्स 'स्मूद'वर ठेवले नाहीत आणि चार्जिंगला लावूनच खेळलं, तर तापून वेग आपोआप उतरतो.) हरवताना खोटं बोलणारे गेम पुष्कळ. हा जिंकवताना बोलायचा.

खोटं नेहमी वाईटच असतं असंही नाही. २०१८ चा सेलेस्ट बघा. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद तो तुम्हाला उडी मारू देतो. डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं. मरण पदोपदी, पण परत उभं राहायला सेकंदही लागत नाही.

आता आपला विषय, द्राक्षं. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम, फेब्रुवारी २०१६, एरिक बॅरोननं चार वर्षांहून जास्त काळ एकट्यानं केलेला. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि मग अवकाळीच्या भीतीनं आभाळाकडे बघणारा दिंडोरी-पिंपळगावचा बागायतदार यातला वेल पाहून हसेल. रोप ६० चं, लावल्यापासून १० दिवसांत घड, पुढे दर ३ दिवसांनी. पण हिशेब पक्का आहे. ऋतू २८ दिवसांचा, फॉलच्या, म्हणजे शरदाच्या, १ तारखेला लावलं तर ११, १४, १७, २०, २३, २६ असे सहा तोडे. १० तारखेला लावलं तर तीनच. वेल मांडवावर चढतो, त्यातून चालता येत नाही, म्हणून दोन ओळींनंतर वाट सोडा, नाहीतर मधला माल हाताला लागत नाही. घड ८० ला जातो, केगमध्ये, म्हणजे पिंपात, वाइन केली की तिप्पट, २४०. गाडी अडते ती इथेच. केगला ३० लाकडं, तांब्याची एक वीट, लोखंडाची एक वीट आणि ओकची राळ लागते, आणि कृती शेतीच्या ८ व्या लेव्हलला मिळते. लाकूड-लोखंड सगळे जमवतात. राळ जमवायला ओकच्या झाडाला टॅपर, म्हणजे राळ गोळा करणारं साधन, लावून आठवडाभर थांबावं लागतं, ते कुणी आधी लावत नाही. पहिल्याच वर्षी चार-पाच टॅपर लावून ठेवा.

स्ट्रॉबेरीचंही तसंच. बी वसंतातल्या १३ तारखेच्या एग फेस्टिव्हलमध्येच विकत मिळतं, १०० ला एक. त्या सकाळी जमीन नांगरून, पाणी घालून मग जत्रेला जा. रात्री १० ला घरी सोडतात, तेव्हाच बी टाका. २१ आणि २५ ला तोडे मिळतात, १२० प्रमाणे २४०. पाणी विसरलात तर एक दिवस गेला, २२ आणि २६, अजून चालतं. चार दिवस रेंगाळलात तर एकच तोडा, आणि तीच बियाणी पुढच्या वर्षी १ तारखेला लावली असती तर पाच मिळाले असते. एक सावधगिरी. हा गेम झोपल्यावरच सेव्ह होतो. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि यूपीएस नसेल तर त्या दिवसाचं सगळं पाण्यात.

मोठ्या नावांना थोडक्यात उरकतो. जीटीए फाइव्ह पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये आला, डब्यात ७ डीव्हीडी, डिस्कवर सुमारे ६५ जीबी. जिओच्या आधीच्या डेटा पॅकमध्ये तो उतरवणं म्हणजे चेष्टाच, त्यामुळे एकाची हार्ड डिस्क गल्लीभर फिरायची. शहर जबरदस्त, मिशन मात्र बोट धरून चालवणारी. रेड डेड रिडेम्प्शन टू मध्ये हे इतकं वाढलं की मिशनमध्ये ठरलेली वाट सोडून जरा लांबून वळसा घातला तरी नापास. विचर थ्रीची लिखाणाची जागा कुणी हिरावू शकत नाही, पण मारामारी क्वेन नावाच्या जादूचं कवच आणि बाजूला उडी यावर भागते. ब्रेथ ऑफ द वाइल्ड (मार्च २०१७) यांच्यापेक्षा वर. वादळात अंगावर धातू असला की वीज पडते, ठिणग्या दिसायला लागल्या की तलवार-ढाल काढून ठेवायची. शस्त्रं मोडतात म्हणून रडणाऱ्यांनी मोडायला आलेलं शस्त्र फेकून मारावं, दुप्पट मार बसतो. हा ज्यावर चालतो त्या निन्टेंडो स्विच कन्सोलची आपल्याकडे तेव्हा अधिकृत विक्रीच नव्हती, म्हणून टपरीवर त्याचं नाव निघत नाही.

जाता जाता क्रिकेट. दशकभर घराघरात चालला तो ईए चा क्रिकेट ०७, म्हणजे २००६ चा गेम, दरवर्षी नवी जर्सी चढवलेले पॅच टाकून. ॲशेस क्रिकेट २०१३ विक्रीला आल्यावर काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ चांगला होता, पण दोन स्टिकचा कंट्रोलर गृहीत धरून केलेला, कीबोर्डवर त्यात मजा नाही.

एकच निवडायचा तर इनटू द ब्रीच. सबसेट गेम्स, फेब्रुवारी २०१८. ८ बाय ८ चा पट, तुमची तीन यंत्रं, आणि समोरचा किडा पुढच्या चालीत कुठे, किती मारणार हे आधीच पटावर दाखवलेलं. कोण आधी मारणार तो क्रमही बघता येतो. नशिबाला जागा जवळपास एकच. इमारतीवर पडलेला वार वाया जाण्याची सुरुवातीची शक्यता १५ टक्के, आणि तोही आकडा समोर लिहिलेला. बाकी सगळं तुमच्या डोक्यावर. जुन्या, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही चालतो. हरणारे सगळे एकच चूक करतात, मारायला जातात. मारायचं नाही, ढकलायचं. किडा एक घर सरकला की त्याचा वार इमारतीऐवजी त्याच्याच भावाला बसतो. जमिनीतून नवा किडा निघणार असेल त्या घरावर यंत्र उभं करा. १ जखम होते, पण तो वर येत नाही, आणि पुढच्या चालीला एक तोंड कमी. पूर्ण चाल मागे घेण्याचं बटण एका लढाईत एकदाच मिळतं, ते पहिल्या चालीत वापरून टाकू नका. सोप्या लेव्हलवर सुरू करा, इमारती आधी, किडे नंतर.