शेजारच्या टेबलाला कळू देऊ नका

पीएचडीला प्रवेश मिळाल्याबद्दल अभिनंदन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क धरून किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं तुमच्या हाती आहेत. पुनर्नोंदणी केली की आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना त्यावरही दोन. एवढा ऐसपैस वेळ मिळालेला असताना काही मंडळी साडेतीन-चार वर्षांत प्रबंध जमा करून मोकळी होतात. चौकशी केली तर त्यात अलौकिक बुद्धी वगैरे काही निघत नाही. त्यांनी वेळोवेळी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काहीतरी विचारलेलं असतं, एवढंच. तुमच्या हातून असं होऊ नये म्हणून थोडं मार्गदर्शन.

सुरुवात विषय लपवण्यापासून करा. कुणी विचारलं तर "अजून फायनल नाही" म्हणा. विषय मंजूर करणाऱ्या समितीची, म्हणजे आरआरसीची, मान्यता मिळून वर्ष उलटलं तरी हेच म्हणा. 'सातारा जिल्ह्यातील पतसंस्थांच्या थकबाकीचा चिकित्सक अभ्यास' हा विषय चोरायला लोक टपूनच बसलेले असतात. मंजूर आराखडे शोधगंगोत्री या ऑनलाइन संग्रहावर चढवण्यासाठीच असतात आणि तिथे ते कुणीही वाचू शकतं, हे मनावर घेऊ नका. पलीकडच्या टेबलावर गेली तीन वर्षं सांगलीच्या पतसंस्थांवर काम चाललंय आणि उपनिबंधक कार्यालयात कोणता अर्ज केला की लेखापरीक्षण अहवाल हाती पडतात हे तिथल्या मुलीला तोंडपाठ आहे, ही बातमी तुम्हाला थेट व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी कळली पाहिजे. ते समाधान वेगळंच.

आता कागदपत्रं. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आपल्या आरएसीपुढे, प्रगती मांडायची असते आणि अहवालही द्यायचा असतो. विभागातल्या एखाद्या सीनियरकडे नोंदणीपासून नो-ड्यूजपर्यंतची सगळी फाइल असते: कोणत्या फॉर्मवर आधी गाइडची सही आणि मग विभागप्रमुखांची, कुठे मूळ पावती आणि कुठे झेरॉक्स चालते, कुठला नमुना मागच्या वर्षी बदलला. ती फाइल मोबाइलवर स्कॅन करायला दहा मिनिटं लागतात. तुम्ही त्याऐवजी स्वतः खिडकीवर जा. पहिल्या खेपेला नमुना जुना निघेल, दुसऱ्या खेपेला एक सही राहिलेली असेल, तिसऱ्या खेपेला संबंधित टेबल रजेवर असेल. चौथ्या खेपेला अर्ज घेतला जाईल, तेव्हा आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागू नका. सीनियर लोक तो हमखास मागतात, म्हणूनच त्यांचे अर्ज हरवत नाहीत.

पैशांबद्दल तर बोलायचंच नाही. चारचौघांत बरं दिसत नाही. १ जानेवारी २०२३पासून जेआरएफ ही सुरुवातीची फेलोशिप दरमहा ३७,००० आणि तिच्या पुढची एसआरएफ ४२,००० रुपये झाली. मात्र दर महिन्याला विद्यापीठातल्या एकाने पोर्टलवर नोंद भरावी लागते आणि दुसऱ्याने ती मंजूर करावी लागते. यातला एकजण विसरला की महिना अडकला. जेआरएफची एसआरएफ होतानाही कागद वेळेत वर गेले नाहीत तर जुन्याच दराने पैसे येत राहतात. ज्याचे मागच्या वर्षी अडकले होते त्याला नेमकं कुठल्या टेबलावर जायचं ते ठाऊक असतं. त्याच्याशी क्रिकेटवर बोला. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपवरच्या संशोधकांकडे तर मुळीच पाहू नका. ते एकमेकांना परिपत्रकं पाठवतात, वर्गणी काढतात आणि वेळ आली की एकत्र आझाद मैदानात जाऊन बसतात. एकट्याने घरी बसून चिडण्यातली प्रतिष्ठा त्यांना अजून समजलेली नाही.

मराठीतून प्रबंध लिहिणार असाल तर तुमच्यावर दैवाची विशेष कृपा आहे. पहिलं प्रकरण श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून घ्या, दुसरं दुसऱ्या टायपिस्टकडून दुसऱ्या फाँटमध्ये, तिसरं स्वतः मोबाइलवर युनिकोडमध्ये. जमा करायच्या आधी पंधरा दिवस सगळं एकत्र करा. रूपांतर करताना रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतात, ऱ्हस्व वेलांट्या एक घर सरकतात, जोडाक्षरं फुटतात आणि अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही उगवतं. रूपांतर न करता फाइल तशीच वाङ्मयचौर्य तपासणीला दिली तर आणखी बहार. जुन्या फाँटमधलं 'महाराष्ट्र' सॉफ्टवेअरला रोमन अक्षरांच्या चिवड्यासारखं दिसतं, साधर्म्य शून्य टक्के येतं, आणि ग्रंथालय फाइल परत पाठवतं. २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साधर्म्याला दंड नाही आणि योग्य संदर्भ दिलेली अवतरणं व संदर्भसूची मोजणीतून वगळायची असतात. हेही विचारू नका, म्हणजे सूची धरून आलेला आकडा पाहून तुम्ही आठवडाभर झोपणार नाही. अनुक्रमणिका हातानेच टाइप करा. शीर्षकांना स्टाइल लावून ती एका क्लिकमध्ये तयार होते, हे शेजारचा मुलगा पाच मिनिटांत दाखवेल. तेवढ्यासाठी त्याचे उपकार कशाला?

मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता विद्यापीठावर आणि तुमच्यावर आली आहे. "आज पाठवा, परवा छापून, सोबत प्रमाणपत्र" असा मेसेज आला तर तो कुणाला न दाखवता पैसे भरा. एखाद्या मैत्रिणीने जुना अंक उघडून पाहिला असता, तर भवभूतीच्या करुण रसाच्या लेखाला लागून ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्याचा लेख तिला दिसला असता.

सगळ्यात मोठा धोका वाचनगटाचा. चार-पाच संशोधक ठरलेल्या वारी दीड तास जमतात. एका वेळी एकाचीच आठ-दहा पानं घेतात. पानं दोन दिवस आधी आलेली असतात आणि वर लेखकाने लिहिलेलं असतं की मला नेमकं काय विचारायचंय. वाचणारे समासात खुणा करतात: इथे धागा सुटला, हा दावा कुठल्या तक्त्यावरून केला, हे वाक्य आधीच्या प्रकरणाशी भांडतंय. गाइडकडे कागद जाण्यापूर्वीच निम्म्या चुका निघतात आणि मग गाइडना ओरडायला काही उरत नाही, ते बिचारे मुद्द्यावर बोलू लागतात. असा गट तुमच्या विभागात निघाला तर आत शिरून मोडावा लागेल. त्यात पंधरा जणांना घ्या. वार ठरवू नका, "सगळ्यांना जमेल तसं" म्हणा. आदल्या रात्री अकरा वाजता साठ पानं पाठवा. दुसऱ्याचं वाचून आलात तर "छान आहे" म्हणा किंवा फक्त शुद्धलेखन काढा. आपली पाळी झाली की पुढचे तीन आठवडे येऊ नका. एवढं करूनही गट टिकला तर सरांना बोलवा. सर आले की कुणी तोंड उघडत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप मात्र हवाच. तिथे पेढ्यांचे आणि अभिनंदनाचे फोटो टाकायचे. परत आलेला लेख, कोऱ्या परतलेल्या प्रश्नावल्या किंवा गाइडने न उघडलेला मेल यांचा तिथे उल्लेख आला तर इतरांनाही तेच होतंय हे फुटेल.

मग एखादा विभागात दिसेनासा होतो. आरएसी दोनदा पुढे ढकलतो, मेसेज वाचून उत्तर देत नाही, भेटला तर "जरा घरी काम आहे" म्हणतो. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ संशोधक विद्यार्थ्यांची पाहणी २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळपास एकतृतीयांशांना मानसिक आजाराचा धोका आढळला. ते तिकडचं, थंडी फार असते. इकडे "मनाला लावून घेऊ नकोस" एवढं म्हटलं की झालं. त्याच्या खोलीवर जाऊन चहा करणं, "ते अर्धवट प्रकरण उघड, मी इथेच माझं काम करत बसतो" असं म्हणून संध्याकाळपर्यंत थांबणं, विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे सोबत जाणं किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक त्याच्या फोनमधून लावून देणं, हे सगळं त्याच्या खाजगी आयुष्यात नाक खुपसणं आहे.

व्हायवा खुला असतो, प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी जाऊन बसू शकतात. तुम्ही समोसा येण्याच्या बेताला जा. लवकर गेलात तर परीक्षक काय विचारतात ते कानावर पडेल: तुमचं योगदान एका वाक्यात सांगा, नमुना हाच का निवडला, चौथं प्रकरण काढून टाकलं तर काय बिघडेल. काहीजण हे वहीत उतरवून घेतात आणि स्वतःच्या व्हायवाआधी दोन मित्रांना परीक्षक करून वीस मिनिटांची तालीम करतात. एक मित्र मुद्दाम विषयाबाहेरचा घेतात, कारण सगळ्यात अडचणीचे प्रश्न तोच विचारतो. तुम्ही ताजेतवाने राहा. चौथ्या प्रकरणाचा प्रश्न पहिल्यांदाच ऐकताना चेहऱ्यावर जे भाव येतात ते तालमीने येत नाहीत.

प्रबंध बाइंडिंगला देण्याआधी मुखपृष्ठ दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नका. स्वतःच्या नावातली चूक स्वतःला दिसत नाही, आणि सोनेरी अक्षरांत ती चांगली उठून दिसते.

शेवटी पदवी मिळेल. त्याच आठवड्यात नवीन प्रवेश झालेला कुणीतरी हातात कोरा फॉर्म घेऊन तुमच्या टेबलापाशी घुटमळेल. "दादा, यावर आधी कुणाची सही घ्यायची?" असं विचारेल. तुमच्याकडे फाइल तयार असेल, क्रम पाठ असेल, चार खेपा आठवतही असतील. लॅपटॉपवरून नजर न हलवता सांगा, "वेबसाइटवर आहे सगळं."